हयातीचा दाखला

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे कसा असतो, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, दुपारी रस्ते ओस आणि घरोघरी कूलरची घरघर. आमच्या बजाजनगरातल्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक गृहस्थ राहत असत. वय ७८. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, पत्नी आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. दोन दिवस ते कुणाला दिसले नाहीत. पण त्यांचा कूलर चालू होता. तो आवाज ऐकून आम्ही सगळे निश्चिंत होतो. उन्हामुळे बाहेर पडत नसतील, असं म्हणून जो तो आपापल्या दारामागे गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं माझी बेल वाजवली. "साहेब, काकाजीच्या दाराले कालच्या पिशव्या तशाच लटकून आहेत."

पुढचं सविस्तर सांगत नाही. दार फोडावं लागलं. पोलीस आले, पंचनामा झाला. एक पंच मी होतो. अकस्मात मृत्यूची नोंद होऊन देह शवविच्छेदनासाठी मेडिकलला गेला. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय कधी भाजी आणायला न गेलेला तो माणूस, आणि त्याला आमच्यासमोरून ज्या रीतीनं नेलं गेलं, ते मला अजून आठवतं.

दोन दिवस इमारतीत एकच वाक्य चाललं होतं : "एकटे होते हो बिचारे!" मला ते वाक्य पटलं नाही. ते गृहस्थ बिचारे मुळीच नव्हते. पहाटे अंबाझरीला फिरायला जात, दोन भाज्या स्वतः करत, मुलीकडे चारदा राहून आले आणि चारही वेळा "माझ्या घरी मी बरा" म्हणत परतले. एकटं राहणं ही त्यांची निवड होती. घरी मरणं हीसुद्धा त्यांची इच्छा असणार. ती पूर्ण झाली, असंही कुणी म्हणेल. मग आम्हाला इतकं ओशाळल्यासारखं का वाटत होतं?

हा प्रश्न माझाही आहे. मीही एकटाच राहतो. पत्नी २०१७ च्या डिसेंबरात गेली, मुलगा टोरांटोला असतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर सकाळी लिहिणं, दुपारी वाचणं, संध्याकाळी चार मित्र, असा दिवस जातो. लोक कीव करतात तेव्हा मला हसू येतं. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींहून अधिक होती. त्यातली कितीतरी माझ्यासारखी, पोरं परदेशी आणि आपण इथं. जपानात तर एकट्यानं राहून घरातच मेलेल्या माणसांची मोजदाद पोलीस करतात. २०२४ साली तो आकडा ७६ हजारांवर गेला. अशा मरणाला त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे. आपल्याकडे अजून शब्द नाही, एवढाच फरक.

पण एकटं राहणं वेगळं आणि बेवारशासारखं मरणं वेगळं. हा फरक मला कळायला फार उशीर लागला. त्यासाठी मला माझ्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे.

पत्नीला कर्करोग होता आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. तरी शेवटचे १९ दिवस ती अतिदक्षता विभागात होती. चौथ्या दिवशी, घशात नळी घालण्याआधी, ती मला म्हणाली, "अहो, मला घरी घेऊन चला. गॅलरीत तुळशीपाशी खाट टाका." मी म्हटलं, "दोन दिवस थांब. जरा सुधारणा होऊ दे." सुधारणा होणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. नळी पडल्यावर ती बोलूच शकली नाही. पुढचे १५ दिवस मी काचेतून तिच्याकडे पाहत होतो आणि समोर येईल त्या कागदावर सही करत होतो. ३० वर्षांहून अधिक काळ बँकेत घालवलेला मी माणूस. गिऱ्हाइकांना सांगत आलो, वाचल्याशिवाय सही करू नका. त्या दिवसांत मी एकही कागद वाचला नाही.

यात मी कुणाला दोष देत नाही. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. तिची इच्छा काय, हे त्यांना मी सांगितलंच नाही. ती इच्छा ऐकणारा मी एकटा होतो आणि मी ती दाबून ठेवली. मुलगा विमानानं आला, त्यालाही सांगितली नाही.

या सगळ्याच्या फार आधी एक मरण मी जवळून पाहिलं होतं. १९८२ साली मी वर्ध्याला नोकरीला लागलो होतो. वय २३. वर्ध्याहून नागपूरकडे यायला निघालं की आठेक किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनारचा आश्रम लागतो. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर धावून आले, उपचार सुरू झाले. पण ८ तारखेच्या रात्रीपासून विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही नाकारलं. पुढचे सात दिवस सगळा देश त्यांनी औषध घ्यावं म्हणून विनवत होता. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, सकाळी त्यांनी देह ठेवला. वय ८७. दिवाळीला घरी जाण्याऐवजी मी सायकलवर टांग टाकून पवनारला गेलो, ते गर्दी पाहायला. तरुण होतो, मरणाविषयी कुतूहल होतं, त्याची भीती नव्हती.

ही आत्महत्या का, यावर त्या वेळी वाद झाले. त्या वादात मला आज पडायचं नाही. विनोबांचं सामर्थ्य तुमच्या-माझ्यात नाही आणि सर्वांनी तसं करावं असंही मी म्हणत नाही. पण इतक्या वर्षांनी मला त्या गोष्टीतली दुसरीच बाजू दिसते. विनोबा ब्रह्मचारी, घरदार नाही, पोरंबाळं नाहीत. आपल्या भाषेत एकटेच. पण त्यांनी १९५९ मध्ये तिथं स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनी त्यांच्याभोवती होत्या. त्यांच्यावर जीव असलेल्या या माणसांनी त्यांचा नकार मान्य केला, आणि हेच फार अवघड असतं. विनोबांची इच्छा विनोबांची होती, पण ती पार पाडली आजूबाजूच्यांनी.

आता महालातल्या एका वाड्यातली गोष्ट. २००९ च्या नोव्हेंबरात मी तिथल्या आमच्या शाखेत होतो. पेन्शनरांचा नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत, हे म्हाताऱ्या माणसांनी काउंटरपाशी येऊन सहीनिशी सांगायचं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई दरवर्षी पहिल्याच आठवड्यात येत. त्या वर्षी आल्या नाहीत. पेन्शन अडकू नये म्हणून मीच फॉर्म घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. त्या खाटेवर होत्या. लग्न केलेलं नव्हतं, भाचा पुण्याला. हृदय थकलं होतं. सही करून म्हणाल्या, "हयात आहे, एवढं लिहून घ्या. पुढच्या वर्षीचं विचारू नका."

निघताना माझी नजर दाराच्या आतल्या बाजूला गेली. तिथं वहीचा एक कागद चिकटवलेला होता. शिक्षिकेचं मोत्यासारखं अक्षर. डॉक्टरांचा फोन. भाच्याचा फोन. खोलीची दुसरी किल्ली समोरच्या किराणा दुकानात. आणि खाली : "मला दवाखान्यात हलवू नये. त्रास होऊ नये एवढंच औषध द्यावं. हे मी पूर्ण शुद्धीवर असताना लिहिलं आहे." त्यांची सही, तारीख, शेजारी डॉक्टरांची सही. दर दिवाळीला त्या नवी तारीख घालत.

मी काहीतरी पुटपुटलो असेन. त्या म्हणाल्या, "खात्याला नॉमिनी लावा म्हणून तुम्ही लोक आमच्या मागे लागता. मग माझ्या मरणाला नॉमिनी नको का?"

जानेवारीत त्या गेल्या. किराणावाल्यानं मला सांगितलं, रात्री श्वास लागला तेव्हा वाड्यातल्या सुनेनं आधी डॉक्टरांना फोन केला, मग भाच्याला. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, बसून राहिले. पहाटे संपलं. दाखला डॉक्टरांनी दिला. दार फोडावं लागलं नाही, पोलीस आले नाहीत. त्या कागदाला तेव्हा कायद्याचा काही आधार नव्हता. पण तो कागद वाड्यातल्या प्रत्येकानं वाचलेला होता. एकट्या बाईनं आपल्या मरणाविषयी सगळ्यांशी आधीच बोलून ठेवलं होतं.

आता कायद्याचाही आधार आहे, आणि तो कसा आला हे माहीत असलेलं बरं. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण नैसर्गिक आयुष्य संपत आलं असता सन्मानानं मरणं, हे सन्मानानं जगण्यातच येतं. मग आलं अरुणा शानभाग प्रकरण. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका १९७३ मधल्या अत्याचारानंतर ४२ वर्षं अंथरुणावर होती. तिच्या सहकारी परिचारिकांनी तिला जपलं, ती २०१५ मध्ये गेली. तिच्या वतीनं केलेली याचिका २०११ मध्ये फेटाळताना न्यायालयानं निष्क्रिय दयामरणाची वाट प्रथमच मोकळी केली. त्या प्रकरणात दोन्ही बाजूंची माणसं तिच्यावर माया करणारी होती. फक्त तिला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तिनं ते कधी लिहिलेलं नव्हतं. पंचविशीतली मुलगी असलं काही कशाला लिहील?

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठानं 'लिव्हिंग विल', म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, मान्य केलं. माझ्या पत्नीला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मात्र ठरवून दिलेली पद्धत इतकी किचकट, दंडाधिकाऱ्यांची सही वगैरे, की फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत न्यायालयानंच ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्यांची नावं लिहायची, एकाहून अधिक लिहिली तरी चालतात. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. प्रसंग आला की डॉक्टरांची दोन मंडळं, एकापाठोपाठ एक, प्रकृती तपासून निर्णय देतात. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ च्या मे महिन्यात स्वतःचं असं इच्छापत्र करून लोकांपुढे उदाहरण ठेवलं.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे इच्छापत्र म्हणजे विषाचं इंजेक्शन मागणं नव्हे. ते आपल्या देशात गुन्हाच आहे. बरं होण्याची आशा उरली नसेल आणि स्वतःला बोलता येत नसेल, तेव्हा यंत्रांनी मरण लांबवू नका, एवढंच त्यात म्हणता येतं. शुद्धीवर असलेला माणूस तर उपचार तसेही नाकारू शकतो. आणि दुसरी गोष्ट : मुलांवर ओझं नको म्हणून, कुणाच्या कपाळावरच्या आठ्या पाहून, हा कागद कधी लिहू नये. तो आपल्यासाठी लिहायचा असतो. मन बदललं तर लेखी रद्दही करता येतो.

पण नुसत्या कागदानं घरी सन्मानानं मरता येत नाही, हेही खरं. घर म्हणजे काही तीर्थक्षेत्र नव्हे. वेदना घरातही तेवढ्याच असतात. श्वास कोंडतो, पाठीला जखमा होतात, कूस बदलायला दोन हात लागतात. बहुतेक विमा पॉलिसी दवाखान्यातल्या दिवसांचे पैसे देतात, घरातल्या रात्रींचे नाही. त्यामुळे ज्यानं घर निवडलं त्यानं आधी त्रास कमी करणारा डॉक्टर शोधावा. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. बरं करणं हा तिचा हेतू नसतो, जे दिवस उरलेत ते सुसह्य करणं हा असतो. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, नागपुरात कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी स्नेहांचल आहे. तीव्र वेदनेवर लागणारं मॉर्फिन मिळण्यातल्या अडचणी कमी व्हाव्यात म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदाही बदलला. केरळनं मात्र याहून मोठी गोष्ट केली. १९९० च्या दशकात कोझिकोडमध्ये डॉक्टरांनी सुरू केलेलं हे काम मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उचललं. गल्लीतली साधी माणसं शिकून घेऊन आठवड्याला दोन तास खाटेवरच्या माणसाकडे जाऊ लागली. आपल्याकडे प्रत्येक वस्तीत गणेशोत्सवाचं मंडळ आहे, ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. मग हे का नाही?

आणि एक रूक्ष पण महत्त्वाची बाब. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला उपचार करत असलेले डॉक्टर देतात. त्यावर २१ दिवसांत नोंदणी व्हायची असते. आपल्याला पाहणारा असा डॉक्टरच नसेल, तर साध्या म्हातारपणानं आलेल्या मरणाचाही पंचनामा होऊ शकतो. समोरच्या गृहस्थांचं तेच झालं. त्यांचा डॉक्टर नव्हता, दुसरी किल्ली कुणाकडे नव्हती, रोज हाक मारणारं कुणी नव्हतं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यात ठेवावी, त्यांची विचारपूस करावी, असं २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत आहे. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही आहे. पण त्या यादीत नाव आहे का, हे आम्ही शेजाऱ्यांनी कधी विचारलं नाही. आम्हाला त्यांच्या कूलरचा आवाज पुरेसा वाटला. ओशाळलेपण आलं ते यामुळे.

त्या पावसाळ्यात मी माझं इच्छापत्र लिहायला घेतलं आणि रविवारी फोनवर मुलाला सांगितलं. तो चिडला. "बाबा, असले कागद मला पाठवू नका. तुम्हाला काय झालंय? मी येऊन घेऊन जातो तुम्हाला." त्याला वाटलं, मी त्याला दूर राहिल्याबद्दल टोमणा मारतोय. दोन महिने आम्ही तो विषय टाळला. मग एका रविवारी त्यानंच विचारलं, "आई कधी असं काही बोलली होती?"

मी सांगितलं. तुळशीपाशी खाट, दोन दिवस थांब, सगळं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, फोन कटला. मग तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तिला घरी आणलं असतं तर ती दोन दिवस जगली असती की दहा, मला ठाऊक नाही. पण ते दिवस तिचे होते, आणि मी ते तिच्याकडून घेतले.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "फॉर्म पाठवा. पहिलं नाव माझं घाला. पण मी पोचेपर्यंत १ दिवस तरी जाईल, दुसरं नाव तिथल्या कुणाचं तरी हवं." दुसरं नाव माझ्या भाचीचं आहे, ती लक्ष्मीनगरला राहते. सिव्हिल लाइन्समधल्या एका नोटरीकडे आम्ही दोघं गेलो. नोटरीनं असा कागद पहिल्यांदाच पाहिला होता. दोनदा वाचला, शिक्का मारला आणि म्हणाला, "काका, माझ्या वडिलांसाठी याची एक कोरी प्रत मिळेल का?"

बँकेच्या खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. तेही केलं. इच्छापत्राची एक प्रत डॉक्टरांकडे दिली. पूर्वी मी डॉक्टरांकडे फक्त ताप आल्यावर जात असे, आता दोन महिन्यांनी एकदा जातो. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. अक्षर त्या बाईंइतकं चांगलं नाही.

हयातीचा दाखला आता मोबाइलपुढे चेहरा धरला की घरबसल्या होतो, बँकेत जावं लागत नाही. सोय आहे, नाकारत नाही. पण काउंटरपलीकडचा माणूस मान वर करून "काय काका, कसे आहात?" विचारत असे, ते गेलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जोडपं राहायला आलं आहे. त्यांना आठ वर्षांची मुलगी आहे. माझी दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. आमच्यात ठरलेलं आहे की सकाळी ८ वाजेपर्यंत माझ्या दारातलं वर्तमानपत्र उचललेलं नसलं, तर बेल वाजवायची. परवा मी पहाटेच लिहायला बसलो आणि पेपर उचलायचं राहून गेलं. ८ वाजून ५ मिनिटांनी बेल वाजली. शाळेचा गणवेश, एका हातात पेपर, एका पायात चप्पल.

"काका, आहात ना?"

"आहे, आहे," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि पेपर माझ्या हातात देऊन दुसरी चप्पल शोधायला पळाली.